उघडी बरणी

देवास गेटजवळ राहणाऱ्या माणसाला आवाजाचे नवल वाटेनासे होते. समोर बसस्थानक, हाकेच्या अंतरावर रेल्वे स्टेशन. बसगाड्यांचे भोंगे आणि कंडक्टरांचे पुकारे आम्ही जन्मापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात एका रात्री दोनच्या सुमारास मोठा फटाका फुटावा तसा आवाज झाला, तेव्हा कुणा बसगाडीचे टायर फुटले असेल असे मनाशी म्हणून आम्ही कूस बदलली. परंतु पाठोपाठ काचा पडल्याचा आवाज आला, आणि काही क्षणांतच माजघरात एक वास भरून राहिला. पिकलेल्या जामफळाचा सुगंध त्यात होता. पण त्याच्या आड दुसरा एक वास होता. तो वास या घरात चाळीसांहून अधिक वर्षे आला नव्हता.

दिवा लावून पाहतो तो फडताळातून रस ठिबकत होता. आमचा नातू ओशाळवाण्या मुद्रेने हातात फडके घेऊन उभा होता. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, खांद्यावर शाल ओढून, आमच्या वहिनी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. क्षणभर श्वास आत घेतला आणि आमच्याकडे पाहिले, एवढेच.

ही हकीगत सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

नातू म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा नातू. वहिनींच्या मुलाचा मुलगा. पुण्यास वसतिगृहात राहून शिकतो. सुटीत महिनाभर आजीकडे उज्जैनला आला होता. आल्या दिवसापासून त्याने आमच्यामागे धोशा लावला, "नाना, आपण घरी सायडर करू. सोपे आहे. बाजारातला सफरचंदाचा रस आणायचा, त्यात यीस्ट घालायचे, आणि शेवटी आपल्याला हवे ते फळ."

सायडर हे नाव आम्हांस पुस्तकातून ठाऊक होते. इंग्लंडात आणि फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात सफरचंदाचा रस आंबवून हे पेय शतकानुशतके करतात. गंमत अशी, की अमेरिकेत न आंबवलेल्या, नुसत्या ताज्या गढूळ रसालाही सायडरच म्हणतात. आम्ही सोयीस्करपणे तो दुसरा अर्थ धरून चाललो. शिवाय हयातभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला कोणी प्रयोग करू म्हटले, की त्याचे पाय जमिनीवर राहत नाहीत. तेव्हा पुढे जे घडले त्यात मुलाइतकाच आमचाही दोष आहे, हे आरंभीच कबूल करतो.

फ्रीगंजातून आम्ही रसाचे तीन खोके आणि एक बाटली आणली. येथेच पहिला धडा मिळाला. खोक्यांवर परिरक्षक घातलेले नाहीत असे छापले होते. बाटलीवर मात्र बारीक अक्षरांत २०२ आणि २११ हे आकडे होते. पहिला पोटॅशियम सॉर्बेटचा आणि दुसरा सोडियम बेंझोएटचा. ही द्रव्ये यीस्टला वाढू देत नाहीत. त्यांचे कामच ते. बाटलीतल्या रसात आम्ही मुद्दाम यीस्ट घालून पाहिले. तो रस दहा दिवस जसाच्या तसा राहिला. खोक्यांतला रस मात्र दुसऱ्याच दिवशी जागा झाला.

कृती खरोखरच साधी होती. अरुंद तोंडाच्या दोन मोठ्या काचेच्या बाटल्या उकळत्या पाण्याने धुऊन घेतल्या, प्रत्येकीत दीड लिटर रस ओतला आणि वर पुष्कळ जागा मोकळी ठेवली. लिटरमागे पाव चमचा पावाचे यीस्ट कोमट रसात भिजवून घातले. बाटलीच्या तोंडावर, सुईने एक बारीक भोक पाडलेला, मुलांच्या वाढदिवसाचा असतो तसला फुगा ताणून बसवला. वायू भोकातून बाहेर जातो, हवा आत येत नाही. उज्जैनच्या उन्हाळ्यात पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हा उद्योग केला तर रसाला उग्र, नकोसा वास येतो. परंतु हिवाळ्यातल्या आमच्या माजघराची गारवाई, अठरा-वीस अंशांची, यीस्टला अगदी मानवते. तिसऱ्या दिवशी दोन्ही फुगे बाटल्यांवर ताठ उभे राहिले, एक लाल आणि एक पिवळा. रसातून बुडबुड्यांच्या माळा अखंड वर येत होत्या. कान लावला की पावसाची बारीक रिमझिम ऐकू येई.

नातवाला आम्ही कागदावर हिशेब मांडून दाखवला. अशा रसात लिटरमागे सुमारे एकशे दहा ग्रॅम साखर असते. यीस्ट तिचे जवळजवळ समान दोन भाग करते. एक भाग मद्यार्काचा, दुसरा कर्बवायूचा. वजनाने पन्नासेक ग्रॅम भरणारा तो वायू मोकळा सोडला तर पंचवीस लिटर जागा व्यापतो. एका लिटर रसाच्या पोटात पंचवीस लिटर वायू! आणि सगळी साखर संपेपर्यंत थांबलो तर मागे उरणाऱ्या द्रवात आकारमानाने सहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क. हा दुसरा आकडा आम्ही स्वतःच्या हाताने लिहिला आणि त्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले.

वहिनी येता-जाता फुग्यांकडे पाहत. एकदा त्यांनी विचारले, "हे काय चालले आहे भावजी?" "शाळेतला प्रयोग," आम्ही म्हणालो. त्या मान हलवून निघून गेल्या.

आठव्या दिवशी बुडबुडे मंदावले. आम्ही चमचाभर रस चाखला. गोडी बरीचशी गेली होती, जिभेवर सुखद चुरचुर होती, सफरचंद दुरून ओळख देत होते. आता फळांची पाळी. फळ आरंभीच घालू नये, कारण बाहेर पडणारा वायू त्याचा सुगंध आपल्याबरोबर नेतो. आंबण्याचा जोर ओसरल्यावर घातले तर वास टिकतो. नातवाने नळीने वरचा निवळ रस काढून घेतला, तळाचा गाळ मागे ठेवला, आणि सरबताच्या तीन रिकाम्या बाटल्यांत भरला. एकीत जामफळाच्या फोडी, दुसरीत आगरकडच्या संत्र्याची साल आणि गर, तिसरीत बोरे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगतो, की पेरूला आम्ही माळव्यातले लोक जामफळ म्हणतो.

मग त्याने तिन्ही बुचे घट्ट बसवली. पेयाला फेस यावा म्हणून तसे करतात, हे खरे. परंतु रसातली साखर पुरती संपली नव्हती, आणि जामफळाने तीत नवी भर घातली होती. बाटल्या पातळ काचेच्या होत्या. आदल्या आठवड्यात कागदावर मांडलेले पंचवीस लिटर गुरू-शिष्य दोघेही विसरले. तिसऱ्या रात्री जामफळाची बाटली फुटली. ती फडताळात होती म्हणून निभावले; कोणी जवळ असते तर डोळा गेला असता. उरलेल्या दोन बाटल्या आम्ही जाड टॉवेलात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि पुरत्या थंड झाल्यावर, तोंड लांब धरून, हळूहळू मोकळ्या केल्या. हा उपद्व्याप कोणी करत असेल तर एवढे तरी ध्यानात ठेवावे.

सकाळी चहाच्या वेळी आम्ही नातवाला म्हणालो, "हा प्रयोग येथेच संपला. कायद्यात बसत नाही. ही गोष्ट आम्हांला आधी सुचायला हवी होती." मध्य प्रदेशचा आबकारी अधिनियम १९१५ सालचा आहे, परवान्यावाचून मद्य तयार करणे त्यानुसार गुन्हा ठरते. आदिवासी बांधवांना घरगुती दारूपुरती काही मर्यादित सवलत आहे, इतरांना नाही. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून राज्यातील ज्या एकोणीस धार्मिक क्षेत्रांतली दारूची दुकाने सरकारने बंद केली, त्यांत उज्जैन महानगरपालिकेची हद्द आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अर्ध्या टक्क्याहून अधिक मद्यार्क असलेले पेय मद्य समजतात. आमचे पेय त्या रेषेच्या कितीतरी पुढे गेले होते.

मुलगा वादाला तयारच होता. "नाना, कालभैरवाला लोक दारूच चढवतात ना? बशी मूर्तीच्या ओठाशी धरतात आणि ती रिकामी होते, तुम्हीच मला लहानपणी दाखवलेत. महाअष्टमीला नगरपूजेत खुद्द जिल्हाधिकारी चौबीस खंबा मंदिरात देवीला मद्य वाहतात, आणि तेथून भोक पाडलेल्या हंडीतून सत्तावीस किलोमीटर मद्याची धार धरतात. मग आपले तीन लिटर कोणाच्या डोळ्यांवर आले?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उलट त्याच्या बाजूचा पुरावा आम्हीच त्याला दिला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु असे प्रकार सांगितले आहेत. आंब्याचा रस घालून केलेल्या सहकारसुरेचाही उल्लेख आहे. म्हणजे फळाच्या स्वादाचे मद्य पुण्याच्या वसतिगृहात जन्मले, असे नाही! मद्याच्या निर्मितीवर राज्याची करडी नजर ठेवणारा तो कठोर अर्थशास्त्री गृहस्थाश्रमी माणसाला मात्र घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीक देतो. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. १९१९ च्या त्या कायद्यातही घरच्या घरी, घरच्यांपुरता, मादक नसलेला सायडर आणि फळांचा रस करण्यास सूट ठेवली होती. आपल्या आयुर्वेदातली आसवे-अरिष्टे तर यीस्टवरच चालतात. धायटीची फुले घालून काढा महिनाभर मुरवत ठेवायचा. फुलांबरोबर आलेले यीस्ट आपले काम करते, आणि द्राक्षासवात पाच ते दहा टक्के मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो.

"बघा!" नातू हर्षाने म्हणाला. "म्हणजे घरात हे पूर्वीपासून चालत आले आहे."

"चालत आले आहे," मागून आवाज आला. वहिनी बाहेर येऊन बसल्या होत्या. "या घरात तर चालतच होते."

आमच्या हातातला कप तसाच राहिला. आता वाचकांनाही ते सांगायला हवे, जे आम्ही नातवाला कधी सांगितले नव्हते.

आमचे थोरले बंधू, दादा, फार देखणे, फार बुद्धिमान आणि फार लाघवी होते. माधव महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्यांचे गाणे ऐकायला शहरातली मराठी मंडळी आवर्जून जमत. पुढे त्यांना दारूचे व्यसन लागले. आम्हां उज्जैनच्या मराठी मंडळींची चार घरे एकमेकांना धरून राहणारी. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुलामुलींची लग्ने, सगळे त्या चार घरांत. त्यामुळे आम्ही ती गोष्ट झाकली. दादा ओसरीवर पडलेले असले की त्यांना ताप आला आहे असे सांगायचे. नोकरी सुटली तेव्हा प्रकृतीचे कारण पुढे केले. वहिनींना तर आम्ही सर्वांनी मिळून गप्प बसवले. माहेरीसुद्धा लिहू दिले नाही. बाटली कपाटात असे, कपाटाला कुलूप असे, आणि घरावर आमच्या अब्रूचे कुलूप असे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी दादा गेले. यकृत निकामी झाले होते. लोकांना आम्ही कावीळ झाल्याचे सांगितले. दादांच्या मुलालाही मोठा होईतो तेच सांगितले. त्याने आपल्या मुलाला काहीच सांगितले नाही.

वहिनींनी त्या सकाळी नातवाला सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी आणले नाही. कोणत्या साली काय झाले, कोणते दागिने कधी गेले, कोणत्या रात्री दार कोणी उघडले, हे जमाखर्च वाचावा तसे सांगितले. शेवटी एवढेच म्हणाल्या, "तुझे आजोबा वाईट नव्हते रे. आजारी होते. त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवे होते. आम्ही त्यांना खोलीत नेत राहिलो."

मुलगा बराच वेळ खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "आजी, हे मला आधी का नाही सांगितले?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. अशा व्यसनाकडे ओढ असण्याचा धोका काही अंशी वंशातूनही येतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे ज्याला ही माहिती सर्वांहून अधिक उपयोगी पडली असती, त्याच्यापासूनच आम्ही ती लपवली होती. कायद्याची कलमे त्याला सांगताना आमचा आवाज जो चढला होता, तो आता आम्हांलाच पोकळ वाटू लागला. खरे कारण कायद्याचे नव्हतेच. खरे कारण सांगण्याचे धैर्य नव्हते म्हणून आम्ही कायदा पुढे केला होता.

नातू उठला आणि उरलेल्या दोन बाटल्या मोरीत ओतायला निघाला. वहिनींनी त्याला थांबवले.

"फेकू नकोस. अन्न आहे ते. याचा शिरका करू."

त्यांनी माळ्यावरून चिनी मातीची रुंद तोंडाची बरणी काढली. आमच्याकडे दर पावसाळ्यात वहिनी जांभळांचा शिरका करतात. ही विद्या त्यांनी माहेराहून आणली आणि त्या साऱ्या वर्षांतही सोडली नाही. दोन्ही बाटल्यांतला रस फळे गाळून त्यांनी बरणीत ओतला, मागल्या साली केलेल्या शिरक्याची वाटीभर त्यात विरजणासारखी घातली, आणि तोंडावर मलमलचे धुतलेले फडके दोऱ्याने बांधले.

"झाकण?" नातवाने विचारले.

"झाकण नाही. याला वारा लागायला हवा. बंद ठेवले की ते दारूच राहते. उघडे ठेवले की आंबट होते. पण मग घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाढता येते."

रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने होते. शिरक्याचे जीवाणू हवेतल्या प्राणवायूवाचून काम करू शकत नाहीत. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात फ्रान्समध्ये या क्रियेचा अभ्यास करून ते दाखवून दिले. मद्यार्क आणि प्राणवायू यांच्यापासून हे जीवाणू ॲसेटिक आम्ल तयार करतात. व्हिनेगर हा शब्दच मुळी आंबट वाइन या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. मोजायचे तर मद्यार्काच्या एका टक्क्यापासून साधारण एक टक्का आम्ल मिळते. शिरक्यात निदान पावणेचार टक्के आम्ल असावे असे आपल्याकडचे प्रमाण आहे. आमच्या रसात तेवढी सामग्री होती. थंडीत काम सावकाश चालते, म्हणून बरणी चुलीमागच्या उबदार कोपऱ्यात ठेवली. तीन आठवड्यांनी वर एक पातळ, दुधट पडदा धरला. तीच शिरक्याची माय. तिला हलवायचे नसते. होळीच्या सुमारास मद्याचा वास पुरता गेला आणि नाकात झणका बसू लागला.

तोवर नातू पुण्यास परतला होता. जाताना आजीच्या पाया पडला, आणि स्टेशनच्या वाटेवर आम्हांला म्हणाला, "नाना, वसतिगृहात मुले करतात, मीही करत होतो. नुसता सायडरच नव्हता तो. आता पाहीन." यापुढे आपण कधीच शिवणार नाही, अशी शपथ त्याने घेतली नाही, आम्हीही मागितली नाही. शपथा या घराने पुष्कळ ऐकल्या आहेत. मात्र आता तो दर रविवारी आजीला फोन करतो आणि त्या दोघांचे बोलणे तास-तासभर चालते. दार उघडे असते. आम्हांला ओसरीवर ऐकू येते. दादांची गाणी, दादांचे अक्षर, दादांचे शेवटचे दिवस, सगळे त्यात येते. एवढ्या वर्षांत या घरात दादांचे नाव इतक्या वेळा कधी घेतले गेले नव्हते.

परदेशी पेये घरी करण्याची हौस आता आपल्या बहुतेक घरांतल्या तरुणांना लागत आहे. बाजारात रस मिळतो, यीस्ट मिळते, कृतीही मिळते. मुलांना दटावून ती हौस जाणार नाही, आणि केवळ कायद्याचा धाक दाखवूनही नाही. त्यांच्याशी बसून खोक्यावरची बारीक अक्षरे वाचावीत, साखरेचा आणि वायूचा हिशेब मांडावा. पण आपल्या घराची बारीक अक्षरेही त्यांना वाचू द्यावीत. आम्ही पहिले केले आणि दुसरे टाळले. त्याची किंमत एका फुटलेल्या बाटलीवर निभावली, हे आमचे भाग्य.

परवा गुढीपाडव्याला वहिनींनी तो शिरका प्रथम वाढला. काकडी आणि कांद्याच्या कोशिंबिरीवर दोन चमचे. संत्र्याचा वास जेमतेम कळत होता, बोरांचा तर नाहीच. एक लहान बाटली त्यांनी पुण्यास पाठवण्यासाठी भरून ठेवली आहे. उरलेला शिरका बरणीतच आहे, मलमलच्या फडक्याखाली. पावसाळ्यात जांभळे आली की त्याचेच विरजण लागेल.